मोहरी, अळीव, जास्वंद: साखरेच्या संकेतांवरच्या प्रकल्पाच्या नोंदी

१० जुलै

आधी काय बघायचे आहे ते. साखर हे झाडाचे अन्न, एवढे सगळ्यांना पाठ असते. पण पेशीत साखर किती साठली आहे याचा अंदाजही झाड घेत असते, आणि वाढ चालू ठेवायची, आवरती घ्यायची की जुने पान मोडीत काढून त्यातले नत्र दुसरीकडे न्यायचे, हे त्यावर ठरते. हेक्झोकायनेज हे विकर (एन्झाइम) ग्लुकोजला फॉस्फेट जोडते आणि ग्लुकोज किती आहे याची वर्दीही देते. ही दोन कामे वेगळी आहेत हे २००३ मध्ये अरॅबिडॉप्सिस या प्रयोगशाळांत नेहमी वापरल्या जाणाऱ्या छोट्या झाडावर दाखवले गेले: फॉस्फेट जोडण्याची ताकद काढून घेतलेले विकरही वर्दी देत राहिले. एवढा सिद्धांत पुरे.

प्रकल्पाचे दोन भाग. पहिला, पेट्री प्लेटमधल्या (झाकणाच्या चपट्या ताटलीतल्या) रोपांवर साखरेचा परिणाम. दुसरा, कुंडीतल्या झाडाच्या पानात साखर कोंडली तर पान लवकर म्हातारे होते का. अरॅबिडॉप्सिस घेतले नाही. त्याला २२ अंशांच्या आसपासचे तापमान लागते, आणि मुंबईत रात्री एसी बंद होणाऱ्या प्रयोगशाळेत ते टिकत नाही. त्याच कुळातली मोहरी आणि अळीव घेतले. दोन्ही वाण्याकडे मिळतात, एक-दोन दिवसांत रुजतात आणि उकाडा सोसतात.

१४ जुलै

खरेदी. रसायने आणि काचसामान प्रिन्सेस स्ट्रीटवरून. औषधाच्या दुकानातली ग्लुकोज पावडर चालत नाही. तिच्यात कॅल्शियम, फॉस्फेट आणि जीवनसत्त्वे मिसळलेली असतात, द्रावण गढूळ होते आणि तळाला गाळ बसतो. एलआर (प्रयोगशाळेच्या) ग्रेडचे डेक्स्ट्रोज, म्हणजे ग्लुकोजच, घ्यावे, आणि घेताना लेबल वाचावे. ‘मोनोहायड्रेट’ आणि ‘अॅनहायड्रस’ यांचे रेणुभार वेगळे आहेत (१९८.१७ आणि १८०.१६). अॅनहायड्रसचा हिशेब धरून मोनोहायड्रेट तोलले तर ३०० मिलिमोलरची (मिलिमोलर म्हणजे लिटरला मोलचा हजारावा भाग) प्लेट प्रत्यक्षात सुमारे २७३ची होते.

मॅनिटॉल (तुलनेच्या प्लेटींसाठी लागणारे, साखरेसारखे संयुग) डेक्स्ट्रोजपेक्षा बरेच महाग पडते. पैसे वाचवायला ते यादीतून काढायचा मोह होतो. काढू नये, का ते ११ ऑगस्टच्या नोंदीत.

बियाण्याच्या दुकानातले गुलाबी किंवा निळे रंगवलेले बी परत केले. त्याला थायरमसारखे बुरशीनाशक लावलेले असते. प्लेटवर बुरशी कमी येईल, पण रोपाच्या वाढीत औषधाचा परिणाम मिसळला जाईल. किराणा मालातले बी बरे, फक्त आधी ओल्या टिपकागदावर १०० बिया टाकून उगवण मोजावी. ९०च्या खाली आले तर दुसऱ्या दुकानातून घ्यावे.

१९ जुलै

बी निर्जंतुक करणे. मोहरीला अडचण नाही: ७० टक्के अल्कोहोलमध्ये १ मिनिट, मग ४ टक्क्यांचे सोडियम हायपोक्लोराइट निम्म्याला निम्मे पाणी घालून, त्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब, १० मिनिटे हलवत. नंतर निर्जंतुक पाण्याने पाच वेळा धुणे. शेवटच्या पाण्याला ब्लीचचा वास आला तर आणखी एकदा.

अळिवाने मात्र घोळ केला. खिरीसाठी भिजवल्यावर होते तेच इथे झाले: प्रत्येक बीभोवती बुळबुळीत आवरण फुगले, सगळ्या बियांचा एक लगदा झाला. त्या आवरणात ब्लीच अडकून राहते, धुतले तरी निघत नाही, आणि चिमट्याने एक बी सुटे करता येत नाही. तो सगळा घाणा टाकला.

अळिवासाठी ओली पद्धत सोडून वाफेची पद्धत: फ्यूम हूडमध्ये (विषारी वायू बाहेर ओढणाऱ्या कपाटात) डेसिकेटर (घट्ट झाकणाचे भांडे), आत उघड्या छोट्या नळ्यांमध्ये कोरडे बी, शेजारी बीकरमध्ये १०० मिली ब्लीच. त्यात ३ मिली तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल ओतून लगेच झाकण लावायचे आणि ३ तास ठेवायचे. यातून क्लोरीन वायू निघतो. फ्यूम हूड नसेल तर ही पद्धत करूच नये. घरात तर अजिबात नाही. तिथे फक्त मोहरीवर भागवावे.

पावसाळ्यात एक गोष्ट आणखी. इथल्या हवेत बी दमट होते, आणि दमट बी क्लोरीन शोषून मरते. आधी दोन दिवस सिलिका जेलच्या डब्यात ठेवलेले बी नीट उगवले. कागदाच्या पुडीतले तसेच घेतलेले बी जेमतेम निम्मे उगवले.

पेरताना अळीव कोरडेच, निर्जंतुक टूथपिकच्या टोकाला अगार (माध्यम गोठवणारा पदार्थ) लावून एकेक उचलावे. मग त्याच्या चिकटपणाचा फायदा होतो: बी अगारला घट्ट बसते आणि प्लेट उभी ठेवली तरी घसरत नाही.

२६ जुलै

माध्यम. अर्ध्या ताकदीचे एमएस, म्हणजे मुराशिगे-स्कूग हे रोपांच्या पोषक क्षारांचे मिश्रण (लिटरला २.२ ग्रॅम), अगार लिटरला ८ ग्रॅम, पीएच ५.७. चायना ग्रास वापरून पाहिले. घट्ट होते, पण प्रत्येक पाकिटाचा घट्टपणा वेगळा आणि रंग पिवळसर, त्यामुळे रोपाचा फिकेपणा डोळ्याने ठरवता येत नाही. अगारवर खर्च करावा.

१०० मिलीसाठी वजने:
ग्लुकोज ३०० मिलिमोलर: मोनोहायड्रेट ५.९५ ग्रॅम, अॅनहायड्रस असेल तर ५.४० ग्रॅम
मॅनिटॉल ३०० मिलिमोलर: ५.४७ ग्रॅम
ग्लुकोज १०० मिलिमोलर: मोनोहायड्रेट १.९८ ग्रॅम
मॅनिटॉल १०० मिलिमोलर: १.८२ ग्रॅम

साखर ८० मिली पाण्यात विरघळवून मग १०० पर्यंत भरावे. १०० मिली पाण्यात थेट साखर टाकली तर आकारमान वाढते आणि द्रावण पातळ निघते. पीएच अगार टाकण्याआधी जुळवावा. तो ५च्या खूप खाली गेला तर अगार नीट गोठत नाही.

ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणे) १२१ अंशांवर १५ मिनिटे, १०० मिलीच्या लहान बाटल्यांमध्ये. एकाच वेळी मोठी बाटली आणि बाकीचे सामान भरले तर तापायला आणि निवायला इतका वेळ लागतो की ग्लुकोज चहासारखे तांबूस होते. अशा तपकिरी माध्यमात तयार झालेली संयुगे स्वतःच रोपाची वाढ रोखतात. रंग बदललेली बाटली ओतून टाकावी, ‘थोडीशीच तर आहे’ म्हणून वापरू नये. घाई असेल तर ग्लुकोजचे तीव्र द्रावण ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळून निवत्या अगारमध्ये मिसळावे.

२ ऑगस्ट

पहिल्या प्लेटी बुरशीने गेल्या. गेल्या त्या जवळपास सगळ्या साखरेच्या. बिनसाखरेच्या बऱ्याच वाचल्या. हे अपेक्षितच. पण यातून एक फसगत होते: बुरशी दिसायला लागायच्या आधीच रोप खुरटते, आणि ती खुरट साखरेच्या खात्यावर मांडली जाते. म्हणून नियम ठरवला: मोजमाप घेतल्यावर प्लेट आणखी चार दिवस ठेवायची. त्यात बुरशी उगवली तर त्या प्लेटचे आकडे वहीतून रद्द.

बुरशीचे मूळ दोन ठिकाणी सापडले. झाकणाच्या आत साचलेल्या पाण्याचे थेंब कडेने बाहेर येत होते आणि त्याच वाटेने बुरशी आत जात होती. अगार हाताला सोसेल इतका निवल्यावर ओतले आणि प्लेटी एकावर एक रचून थंड केल्या, तेव्हा थेंब कमी झाले. दुसरे म्हणजे लॅमिनार फ्लोच्या (गाळलेल्या हवेच्या पेरणी-कपाटाच्या) वरचा पंखा. पेरणीच्या वेळी तो बंद ठेवावा, घाम आला तरी.

११ ऑगस्ट

आता मॅनिटॉलचे. ३०० मिलिमोलर ग्लुकोजवर मोहरीचे मूळ आखूड, रोप ठेंगणे. एवढ्यावर ‘साखर वाढ रोखते’ असे लिहिले तर ते कच्चे आहे, कारण ३०० मिलिमोलरच्या कोणत्याही द्रावणातून पाणी ओढून घेणे रोपाला जड जाते. मॅनिटॉलचा पाणी धरून ठेवण्याचा जोर ग्लुकोजइतकाच, पण हेक्झोकायनेजच्या हिशेबी ते ग्लुकोज नव्हे. दोन्ही प्लेटी शेजारी ठेवल्या की जे दोघांत सारखे ते पाण्याचे, जे फक्त ग्लुकोजमध्ये ते साखरेचे.

मोहरीत मुळाचा आखूडपणा दोन्हींत जवळपास सारखा निघाला. म्हणजे तो आकडा या प्रकल्पात बिनकामाचा. फरक पडला तो बीजपत्रांत, म्हणजे बीतून निघणाऱ्या पहिल्या दोन पानांत. मॅनिटॉलवर रोप बुटके पण बीजपत्रे हिरवी आणि उघडलेली. ग्लुकोजवर तीच बीजपत्रे लहान, फिकट, कडा आत वळलेल्या, आणि त्यांच्याखालच्या दांड्यावर जांभळी झाक. ती झाक अँथोसायनिन या रंगद्रव्याची. अळिवात हाच फरक जास्त ठळक.

तरीही अरॅबिडॉप्सिसच्या छायाचित्रांत दिसते तशी वाढ पुरती गोठलेली नाही, फक्त हिरवेपणा मागे पडला. बी मोठे, शिदोरी जास्त, हे एक कारण. दुसरे कारण ९ सप्टेंबरच्या नोंदीत.

मोजायचे काय ते यावरून ठरले: पेरणीनंतर सातव्या दिवशी, प्रत्येक प्लेटवर बीजपत्रे उघडून हिरवी झालेली रोपे किती टक्के. मुळाची लांबी फक्त जोडीला.

१९ ऑगस्ट

काही प्लेटी पॅराफिल्मने (ताणून बसवायच्या मेणासारख्या पट्टीने) बंद होत्या, काही औषधाच्या दुकानातल्या कागदी मायक्रोपोर टेपने. माध्यम एक, बी एक, दिवस एक. तरी पॅराफिल्मच्या ग्लुकोज प्लेटींवर हिरवी रोपे जास्त. आधी वाटले वजनात गडबड असेल. पुन्हा त्याच बाटलीतून ओतून, एकाआड एक प्लेट वेगळ्या पद्धतीने बंद केली. फरक कायम राहिला.

सगळ्यात पटणारे कारण इथिलीन, झाडांचे वायुरूप संप्रेरक. कोवळी रोपे इथिलीन सोडतात, आणि पॅराफिल्मच्या आत ते कोंडते. अरॅबिडॉप्सिसमध्ये इथिलीनचा संकेत ग्लुकोजच्या रोखण्याला छेद देतो, हे १९९८ पासून छापील आहे. म्हणजे प्लेट किती घट्ट बंद केली यावर साखरेचा परिणाम बदलतो. इथून पुढे सगळीकडे मायक्रोपोर. प्लेटी ठेवायच्या कपाटात केळी, आंबे असलेला डबाही ठेवायचा नाही, हे वेगळे सांगायला नको. तरी एकदा सापडला.

३० ऑगस्ट

वेळेची खिडकी. काही रोपे आधी बिनसाखरेच्या माध्यमावर वाढवून मग ३०० मिलिमोलर ग्लुकोजवर हलवली. रुजल्यावर एका दिवसात हलवलेली फिकी पडली. बीजपत्रे हिरवी झाल्यावर हलवलेली जवळजवळ तशीच हिरवी राहिली, मूळ मात्र मंदावले. एकदा रोपाने हिरवे व्हायचे ठरवले की बाहेरच्या ग्लुकोजने ते फिरत नाही. म्हणून बी थेट साखरेवरच पेरावे. ‘आधी उगवू दे, मग साखरेवर ठेवू’ ही सोयीची पद्धत परिणाम पुसून टाकते.

हलवताना चिमट्याने बीजपत्र धरावे, दांडा नव्हे. दांडा चेपला की रोप जांभळे होते आणि तेही साखरेचे वाटते.

९ सप्टेंबर

नत्र. अर्ध्या एमएसमध्ये नायट्रेट आणि अमोनियम मिळून सुमारे ३० मिलिमोलर नत्र असते. रोप साखर एकटी बघत नाही, साखर आणि नत्र यांचा मेळ बघते. एवढे नत्र समोर असताना ग्लुकोजचा दाब सौम्य होतो.

तपासायला एमएस काढून टाकले. फक्त अगार, ३०० मिलिमोलर ग्लुकोज, आणि एकीकडे ५ मिलिमोलर पोटॅशियम नायट्रेट, दुसरीकडे ५ मिलिमोलर पोटॅशियम क्लोराइड. क्लोराइड यासाठी की पोटॅशियम दोन्हींत सारखे राहावे. इतके थोडे मीठ थेट तोलू नये, साध्या काट्यावर चूक मोठी होते. १०० मिलीत नायट्रेट ५.०६ ग्रॅम किंवा क्लोराइड ३.७३ ग्रॅम असे साठा-द्रावण करून, त्यातले १ मिली दर १०० मिली माध्यमाला.

क्लोराइडवर अळिवाची रोपे पिवळी-जांभळी, बीजपत्रे मिटलेली. नायट्रेटवर त्यांतली बरीच हिरवी. साखर दोन्हींत तीच. पहिल्यापासून हे माध्यम घेतले असते तर ऑगस्टमधल्या कितीतरी प्लेटी वाचल्या असत्या. दुसऱ्या कोणी सुरुवात करताना इथूनच करावी.

गणपतीच्या सुट्टीत प्लेटी लावू नयेत. इमारतीचा वीजपुरवठा बंद ठेवतात, टायमर विसरतो, आणि रोपे अंधारात लांबट पिवळी होतात.

२२ सप्टेंबर

मॅनोज, ग्लुकोजसारखीच एक साखर. हेक्झोकायनेज त्याला फॉस्फेट जोडते, पण पुढे ते फारसे वापरले जात नाही. अरॅबिडॉप्सिसचे बी काही मिलिमोलरलाच रुजायचे थांबते. अळिवाला ५ मिलिमोलरवर (१०० मिलीत ०.०९ ग्रॅम) फक्त उशीर झाला, २० वर मूळ टोक काढून थांबले. २० मिलिमोलर मॅनिटॉलवर काहीही झाले नाही, म्हणजे हा पाण्याचा मामला नाही.

पण यावरून हेक्झोकायनेज हा साखरेचा संवेदक आहे हे सिद्ध झाले असे अहवालात लिहू नये. मॅनोज पेशीतले फॉस्फेट अडकवून ठेवते, आणि ती उपासमारही बी थांबवू शकते. दोन कारणे वेगळी करायला आणखी रसायने लागतात आणि ती खर्चिक आहेत. हा भाग इथेच सोडला.

६ ऑक्टोबर

पाऊस थांबला. दुसरा भाग: कुंडीतली जास्वंद. रस्त्यावरच्या किंवा आवारातल्या झाडावर असले काही करू नये. महाराष्ट्रात १९७५चा वृक्ष जतन कायदा आहे, आणि झाडाला इजा करणेही त्यात येते.

फांदीची साल गोल काढली. पेन्सिलीइतकी जाड फांदी, १ सेंटिमीटर रुंदीचे कडे, आतले पांढरे लाकूड दिसेपर्यंत. सालीतल्या रसवाहिन्या कापल्या जातात, लाकडातल्या जलवाहिन्या शाबूत राहतात. पानांना पाणी मिळते, पण त्यांनी केलेली साखर कड्याच्या खाली उतरत नाही. लाकडावरचा निसरडा थर सुरीच्या पाठीने खरवडून काढावा. तो राहिला की साल पुन्हा जुळते.

जोडीदार फांदीवर सालीत फक्त उभी चीर दिली. जखम झाली, वाट बंद झाली नाही.

२० ऑक्टोबर

निम्म्या फांद्यांवर काहीच परिणाम नाही. या फांद्यांच्या कड्यावर धूळ बसू नये म्हणून प्लॅस्टिक गुंडाळले होते. आत दमटपणा साचला, वरच्या काठाला फुगीर गाठ आली आणि त्यातून पांढरी मुळे डोकावू लागली. ही तर गुटी झाली! गुटी कलम बांधताना नेमके हेच करतात. नवी मुळे कोंडलेली साखर खाऊन टाकतात, मग पानात साठणार काय?

प्लॅस्टिक काढले, नव्या फांद्यांवर कडे उघडे ठेवले. जास्वंदीत दुसरी गळती कळ्यांची. कड्याच्या वर कळ्या आणि कोवळे शेंडे असले की साखर त्यांच्याकडे जाते. ते रोज खुडावे लागतात. पिठ्या ढेकूण आणि मावाही तीच साखर शोषतो, आणि त्यांनीही पान पिवळे पडते. दर दोन दिवसांनी पानाची खालची बाजू बघून ओल्या कापसाने पुसावी. कीटकनाशक मारले नाही.

१० नोव्हेंबर

स्टार्च बघणे. दिवसा सगळ्याच पानांत स्टार्च असतो, म्हणून पान पहाटेचे हवे. कॉलेज उघडेपर्यंत ऊन येते, तेव्हा संध्याकाळी फांदीवर काळ्या कापडाची पिशवी घातली आणि सकाळी पिशवीतूनच पान तोडले. आदल्या संध्याकाळी तोडून ठेवलेले पान चालत नाही. तोडल्यावर त्याची साखर बाहेर जायची वाटच राहत नाही.

पान उकळत्या पाण्यात १ मिनिट, मग अल्कोहोलमध्ये हिरवा रंग जाईपर्यंत. अल्कोहोलची नळी गरम पाण्याच्या भांड्यात ठेवावी, ज्योतीवर कधीही नाही. धुऊन आयोडीन-पोटॅशियम आयोडाइडचे द्रावण. कडे केलेल्या फांदीचे पान शाईसारखे निळे-काळे, चीर दिलेल्या फांदीचे फिकट तपकिरी. साखर कोंडली आहे याची ही पावती. ती मिळाल्याशिवाय पुढचे पिवळेपण मोजण्यात अर्थ नाही.

२८ नोव्हेंबर

कडे केलेल्या फांद्यांची जुनी पाने शिरांच्या मधून पिवळी पडू लागली. ज्या कुंड्यांना दर आठवड्याला युरियाचे पातळ पाणी (लिटरला १ ग्रॅम) मिळत होते त्यांत पिवळेपण बरेच मागे. प्लेटवर सप्टेंबरमध्ये दिसले तेच.

तुलनेसाठी काही पाने एकेकटी काळ्या कागदाच्या पाकिटात, वर फॉइल, खालून हवेला भोके. फॉइल थेट पानाला लावू नये, उन्हात पान भाजते. ही पानेही पिवळी झाली, आणि त्यांत आयोडीनने काहीच रंग आला नाही. म्हणजे एक पान उपाशी राहून पिवळे, दुसरे पोट भरून. ‘साखर कमी झाली की पान म्हातारे होते’ किंवा ‘जास्त झाली की होते’, यांतले कोणतेही एक वाक्य फळ्यावर लिहिले तर अर्धे चूक ठरते. उपाशी पानात एसएनआरके१ हे विकर जागे होऊन साठे मोडायला लावते. भरल्या पानात ते दबलेले असते आणि हेक्झोकायनेजची वर्दी प्रकाशसंश्लेषणाची जनुके मंदावते. रंग एकच, वाटा दोन.

पूर्ण झाड अंधारात ठेवून तुलना करायची असेल तर जास्वंद घेऊ नये, ती पाने गाळून बसते. कुंडीत वाढवलेली मोहरी घ्यावी. एकच पान झाकले तर ते लवकर पिवळे होते, सगळे झाड झाकले तर पाने जास्त दिवस हिरवी राहतात. अरॅबिडॉप्सिसमध्ये हे २००१ मध्ये नोंदले गेले आहे.

१४ डिसेंबर

हरितद्रव्य मोजणे. जास्वंदीचे पान ८० टक्के अॅसिटोनमध्ये खलले की बुळबुळीत राळ होते, गाळणकागद तुंबतो. त्याऐवजी कॉर्क बोररने चकत्या कापून, १०० मिलिग्रॅम वजन करून, १० मिली डीएमएसओमध्ये (डायमिथाइल सल्फॉक्साइड या द्रावकात) ६५ अंशांवर चकत्या पांढऱ्या होईपर्यंत ठेवल्या. खलायची गरज नाही. नळ्या फॉइलमध्ये गुंडाळाव्यात.

द्रावण किती प्रकाश शोषते याचे ६४५ आणि ६६३ नॅनोमीटरवर वाचन. एकूण हरितद्रव्य, लिटरला मिलिग्रॅम = २०.२ × ६४५चे वाचन + ८.०२ × ६६३चे वाचन. हे सूत्र मुळात अॅसिटोनचे आहे. डीएमएसओला लावले तर आपल्याच फांद्यांची आपसात तुलना करायला पुरते, दुसऱ्यांच्या आकड्यांशी लावू नये. अॅसिटोनच वापरायचे असेल तर प्लॅस्टिकच्या क्युव्हेट (वाचनासाठी द्रावण भरायच्या छोट्या नळ्या) घेऊ नयेत. पॉलिस्टायरीन अॅसिटोनमध्ये धुरकट होते आणि वाचन दर मिनिटाला चढत जाते. काचेच्या घ्याव्यात. वाचन १च्या वर गेले तर द्रावण निम्मे पातळ करून पुन्हा घ्यावे आणि वहीत तसे लिहावे.

चकत्या पानाच्या एकाच पट्ट्यातून, मधल्या शिरेपासून सारख्या अंतरावर घ्याव्यात. जास्वंदीचे पान टोकाकडून पिवळे होत येते. एका पानाचे टोक आणि दुसऱ्याचा बुडखा घेतला तर कड्यापेक्षा मोठा फरक तिथेच निघतो.